चंद्राच्या कक्षेच्या आतून जाणारे छोटे लघुग्रह: वर्गात मुलांना नेमके काय सांगावे?

प्रश्न: विज्ञानशिक्षिका, चोपडा

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. गेल्या काही वर्षांत पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकाच साच्याची बातमी पुन्हा पुन्हा येते: बसएवढा, विमानाएवढा किंवा दहा मजली इमारतीएवढा लघुग्रह आज रात्री पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार, त्याचा वेग ताशी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर आहे आणि शास्त्रज्ञ त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत. दुसऱ्या दिवशी मुले विचारतात की तो गेला का, कुठून गेला आणि आपल्याला का दिसला नाही. काही मुले खरोखर घाबरलेली असतात, कारण घरी कोणीतरी त्या बातमीचा संबंध जगबुडीशी जोडलेला असतो. "घाबरू नका" एवढे सांगून हा विषय संपवणे मला योग्य वाटत नाही. मुलांची भीती आकड्यांनी आणि कारणांनी जावी, नुसत्या धीराने नव्हे, असे मला वाटते.

म्हणून जाणकारांना विचारते. या बातम्यांतील "जवळून" म्हणजे किती अंतर समजायचे? असे लघुग्रह पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले आहेत का? २०२० मध्ये एक लघुग्रह हिंदी महासागरावरून निघून गेल्यानंतर सापडला असे मी वाचले आहे. इतक्या मोठ्या दुर्बिणी असताना असे कसे घडते? आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी रात्री चांगला काळोख असतो, तेव्हा शाळेच्या छोट्या दुर्बिणीतून असा लघुग्रह मुलांना दाखवता येईल का? आणि शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: एखादा लघुग्रह खरोखरच आपल्या रोखाने येत असेल, तर ते किती आधी कळेल?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक (भौतिकशास्त्र), धुळे

ताई, आपण प्रश्न फार नेमके विचारले आहेत, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडी सविस्तर देतो.

"जवळून" या शब्दामागे बातम्यांमध्ये तीन अगदी वेगवेगळी अंतरे दडलेली असतात, आणि बातमी वाचताना आपल्यासमोर त्यांतले कोणते आहे हे आधी ठरवावे लागते. खगोलशास्त्रज्ञ ज्यांना "पृथ्वीनिकट" म्हणतात ते लघुग्रह म्हणजे सूर्यापासूनचे त्यांचे किमान अंतर १.३ खगोलीय एककांपेक्षा कमी असलेले, आणि एक खगोलीय एकक म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर. अशा ज्ञात लघुग्रहांची संख्या आता ४० हजारांच्या वर गेली आहे, पण त्यांतील बहुतेक पृथ्वीपासून लाखो किंवा कोट्यवधी किलोमीटर दूरच राहतात. दुसरे अंतर "धोकादायक ठरू शकणारा" या शिक्क्याचे. ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून सुमारे ७५ लाख किलोमीटरच्या आत येते आणि ज्याचा आकार साधारण १४० मीटर किंवा त्याहून अधिक आहे, त्याला हे नाव मिळते. हे कक्षेचे वर्गीकरण आहे. तो आदळणार आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि बसएवढे लघुग्रह तर आकाराच्या अटीमुळे या वर्गात बसतच नाहीत. तिसरे अंतर चंद्राचे, म्हणजे सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर. आपला प्रश्न मुख्यतः या तिसऱ्या अंतराच्या आतून जाणाऱ्या छोट्या लघुग्रहांविषयी आहे.

आता एक हिशेब मुलांकडून करून घ्या. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. चंद्राचे अंतर तिच्या ६० पट आहे. लघुग्रह ज्या दिशेने येतो त्या दिशेकडून पाहिले, तर पृथ्वीची तबकडी आणि तिच्याभोवती चंद्राच्या अंतराएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ असे चित्र दिसते. या दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ६० चा वर्ग, म्हणजे ३,६०० येते. याचा अर्थ असा, की जो दगड कोणत्याही विशेष नेमाविना या मोठ्या वर्तुळातून जातो, तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ढोबळमानाने ३,६०० मध्ये एक असते. प्रत्यक्षात पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण संथ वेगाने येणाऱ्या दगडांना थोडे आत ओढते, त्यामुळे ही शक्यता काहीशी वाढते. तरी हजारांत एखादा ही पातळी कायम राहते.

हाच हिशेब उलटा मांडला की आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. नासाने १९९४ ते २०१३ या २० वर्षांतील नोंदी एकत्र केल्या, तेव्हा साधारण १ ते २० मीटर आकाराचे ५५६ छोटे लघुग्रह वातावरणात शिरून फुटल्याचे दिसले. म्हणजे वर्षाला सरासरी २८. एका आघातामागे ३,६०० हुकणारे धरले तर चंद्राच्या अंतराच्या आतून वर्षाला सुमारे एक लाख असे दगड जात असले पाहिजेत, आणि गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मोजून हा आकडा निम्म्यावर आणला तरी तो हजारोंच्या घरातच राहतो. याउलट अलीकडच्या वर्षांत दरवर्षी आपल्याला सापडतात ते शंभराहून काहीसे अधिक. तेव्हा लघुग्रह वाढलेले नाहीत. आपली नजर वाढली आहे, आणि ती अजूनही फार अपुरी आहे. ॲरिझोनातील कॅटालिना, हवाईतील पॅन-स्टार्स आणि जगात अनेक ठिकाणी पसरलेली ॲटलास या सर्वेक्षणांनी गेल्या दोन दशकांत आकाश सतत विंचरायला सुरुवात केली, म्हणून बातम्या वाढल्या. हे मुलांना पटले तर निम्मी भीती तिथेच संपेल असे मला वाटते, कारण हे लाखभर दगड त्यांच्या आजोबांच्या काळातही असेच जात होते.

बातम्यांतील आकाराविषयीही सांगितले पाहिजे. लघुग्रह दुर्बिणीत केवळ प्रकाशाचा बिंदू म्हणून दिसतो, त्याची लांबी-रुंदी कोणी मोजलेली नसते. त्याच्या तेजस्वितेवरून आकार काढतात, पण त्यासाठी पृष्ठभाग किती टक्के प्रकाश परावर्तित करतो हे गृहीत धरावे लागते. काळपट, कार्बनयुक्त पृष्ठभाग सुमारे ५ टक्के परावर्तन करतो आणि फिकट, दगडी पृष्ठभाग २० ते २५ टक्के. तेवढ्याच तेजाचा लघुग्रह काळपट असेल तर त्याचा व्यास दुपटीहून अधिक आणि घनफळ आठपटीहून अधिक निघते. म्हणून शास्त्रीय नोंदीत "१० ते २२ मीटर" असा पल्ला दिलेला असतो. बातमीत मात्र त्यातला मोठा आकडाच उचलला जातो, ही गोष्ट मला नेहमी खटकते.

वेगाचा आकडा ऐकून दचकण्याचेही कारण नाही. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे ताशी एक लाख किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते आहे.

उत्तर: हौशी आकाशनिरीक्षक, चाळीसगाव

सरांनी पाया घातलाच आहे, मी निरीक्षणाच्या बाजूने लिहितो. शहराच्या उजेडापासून दूर म्हणून आम्ही काही जण पाटणादेवीच्या बाजूला दुर्बीण घेऊन जातो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख त्याच पाटण्यात आहे. ग्रहाची क्षणोक्षणी बदलणारी गती कशी मोजावी याचा विचार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात केला होता, आणि आज नव्या लघुग्रहाची कक्षा ठरवतानाही सुरुवात याच दोन गोष्टींपासून होते: तो या क्षणी कुठे आहे आणि किती वेगाने सरकतो आहे.

ताईंनी उल्लेख केलेला लघुग्रह म्हणजे २०२० क्यूजी. तो १६ ऑगस्ट २०२० रोजी दक्षिण हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. मुलांना अंतराचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर भुसावळहून रेल्वेने हावड्याला जाऊन परत येण्यात जवळपास एवढेच अंतर कापले जाते. त्याचा आकार ३ ते ६ मीटर आणि वेग सेकंदाला १२.३ किलोमीटर होता, आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने त्याची वाट सुमारे ४५ अंशांनी वळवली. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या झ्विकी सर्वेक्षणाच्या छायाचित्रांत तो एका रेघेच्या रूपात सापडला, आणि ती रेघ ओळखणारे दोघे जण आय.आय.टी. मुंबईचे विद्यार्थी होते: कुणाल देशमुख आणि कृती शर्मा. जगभरातून गोळा होणाऱ्या छायाचित्रांतून खरी रेघ वेगळी काढण्याचे काम पवईत बसून होऊ शकते, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे असे मला मनापासून वाटते.

तो गेल्यानंतर सुमारे सहा तासांनी सापडला याचे मुख्य कारण त्याची दिशा. तो सूर्याच्या बाजूकडून आला. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणी रात्रीच काम करतात, त्यामुळे सूर्याच्या दिशेकडचे आकाश त्यांना बंद असते, आणि तिकडून येणारा छोटा दगड पृथ्वीला ओलांडून रात्रीच्या बाजूला आल्यावरच प्रथम दिसतो. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला २०२० व्हीटी४ हा ५ ते १० मीटरचा लघुग्रह दक्षिण पॅसिफिकवरून सुमारे ३७० किलोमीटर उंचीवरून गेला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक याहून अधिक उंचीवरून फिरते. तोही गेल्यानंतर सुमारे पंधरा तासांनी सापडला. याउलट २०२३ बीयू हा लघुग्रह क्रिमियातील गेनादी बोरिसोव्ह यांना २१ जानेवारी २०२३ रोजी सापडला आणि पाच-सहा दिवसांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून सुमारे ३,६०० किलोमीटर उंचीवरून गेला. पृथ्वीने त्याची कक्षा इतकी बदलली की सूर्याभोवतीच्या फेरीला त्याला पूर्वी ३५९ दिवस लागत, ते आता ४२५ दिवस झाले.

शाळेच्या दुर्बिणीविषयी स्पष्ट सांगतो: असे छोटे लघुग्रह तिच्यातून दिसणार नाहीत. १० मीटरचा दगड चंद्राच्या अंतरावर असला तरी त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) साधारण १५ ते १६ असते, आणि नुसत्या डोळ्यांची मर्यादा उत्तम काळोखात ६ आहे. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षा तो हजारो पटींनी मंद असतो. शिवाय तो ताऱ्यांमधून भराभर सरकत असतो.

मग मुलांना काय दाखवावे? माझ्या मते वेस्टा. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातील हा सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाचा लघुग्रह सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा साध्या द्विनेत्रीतून सहज सापडतो. ओळीने काही रात्री मुलांनी आसपासच्या ताऱ्यांची आकृती वहीत काढावी आणि त्यातला कोणता बिंदू सरकला ते स्वतः शोधावे. लघुग्रह शोधणाऱ्या सर्व सर्वेक्षणांची मूळ पद्धत हीच आहे, फक्त तिथे वहीऐवजी संगणक असतो. वरच्या वर्गांतील मुलांसाठी आंतरराष्ट्रीय खगोलशोध सहयोगाच्या मोहिमा असतात. त्यांत पॅन-स्टार्सची छायाचित्रे शाळांना मिळतात आणि मुले संगणकावर हलणारे बिंदू शोधून नोंद पाठवतात. भारतातील अनेक शाळा त्यात भाग घेतात. सापडतात ते बहुतेक मुख्य पट्ट्यातले लघुग्रह, पण काम खरे असते.

आणि एक तारीख आतापासून शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. शुक्रवार, १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. दूरचित्रवाणीचे भूस्थिर उपग्रह याहून दूर, ३५,७८६ किलोमीटरवर आहेत. आपल्या घड्याळाप्रमाणे तो सर्वांत जवळ असेल तो क्षण १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराचा. पूर्व गोलार्धातून तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसू शकेल. २००४ मध्ये त्याच्या आदळण्याची शक्यता काही काळ २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती, पण मार्च २०२१ मधील रडार निरीक्षणांनंतर पुढील किमान शंभर वर्षे तो आदळणार नाही हे निश्चित झाले. खान्देशात एप्रिलमध्ये आकाश बहुधा निरभ्र असते. आज आपल्या सातवी-आठवीत असलेल्या मुलांनी त्या रात्री कुठेही असले तरी जागे राहावे.

प्रतिसाद: शेतकरी, रावेर

आम्ही रात्री केळीला पाणी द्यायला मळ्यात असतो, तेव्हा आकाशात पडणारे बरेच काही दिसते. २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी जळते तुकडे ओळीने जाताना दिसले होते. तोही असाच लघुग्रह होता का? माझ्या पुतण्याचे म्हणणे होते की तो उपग्रह असावा.

उत्तर: हौशी आकाशनिरीक्षक, चाळीसगाव

भाऊ, आपल्या पुतण्याचे म्हणणे सत्याच्या जवळ आहे. २ एप्रिल २०२२ ला विदर्भापासून खान्देशापर्यंत दिसलेले दृश्य परत येणाऱ्या रॉकेटच्या अवशेषांचे होते. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात त्याचे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. ओळखायची खूण वेगाची आहे. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला ७-८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवी, वातावरणात शिरते, तिचे अनेक तुकडे एकामागोमाग जळत जातात आणि ते दृश्य बराच वेळ टिकते. सूर्याभोवती फिरणारा दगड सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येतो आणि काही सेकंदांतच सारे आटोपते. रात्रीच्या मळ्यातली आपली नजर उपयोगाची आहे. पुन्हा असे काही दिसले तर वेळ, दिशा, किती सेकंद दिसले आणि नंतर आवाज आला का, एवढे लगेच टिपून ठेवावे.

उत्तर: इतिहास अभ्यासक, मुक्ताईनगर

चर्चेत वेस्टाचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण त्याचा आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे आणि तो आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नाही.

२९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळच्या, मानेगाव येथे आकाशातून दगड पडला. जगातील अशनींच्या सूचीत तो मानेगाव याच नावाने नोंदलेला आहे आणि जुन्या नोंदींत त्यापुढे खान्देश असेही लिहिलेले आढळते. त्याचे फार थोडे वजन आज संग्रहालयांत शिल्लक आहे. परंतु त्याचे महत्त्व वजनात नाही. तो डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारचा आहे. साधे अशनी सूर्यमालेच्या आरंभीच्या धुळीचे गोळे घट्ट होऊन बनलेले असतात, पण डायोजेनाइट हा वितळलेल्या शिलारसातून, जमिनीच्या खोल थरात सावकाश थंड होऊन बनलेला खडक आहे. म्हणजे ज्या पिंडातून तो निघाला तो पिंड एकेकाळी आतून वितळला होता आणि त्यात कवच, प्रावरण असे थर तयार झाले होते. या अशनींचा वर्णपट वेस्टाच्या पृष्ठभागाशी जुळतो हे १९७० च्या सुमारास लक्षात आले. नासाचे डॉन यान २०११ आणि २०१२ मध्ये वेस्टाभोवती फिरले, तेव्हा तिथल्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रचंड विवराच्या परिसरात याच जातीचा खडक उघडा पडलेला दिसला आणि हे नाते पक्के झाले.

मग मुख्य पट्ट्यातला तुकडा मानेगावपर्यंत आला कसा? प्रश्न विचारणाऱ्या बाईंना वर्गात हे सांगता येईल, कारण सर्वच पृथ्वीनिकट लघुग्रहांची कहाणी यात येते. पट्ट्यात टक्कर होऊन तुकडे उडतात. फिरणाऱ्या तुकड्याची सूर्याने तापलेली बाजू संध्याकाळकडे वळल्यावर उष्णता बाहेर टाकते, आणि त्या उष्णतेचा अतिशय सूक्ष्म धक्का लाखो वर्षे एकाच दिशेने बसत राहिल्याने तुकड्याची कक्षा हळूहळू सरकते. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. सरकत सरकत तो अशा जागी पोचतो जिथे गुरू किंवा शनी त्याला ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा ओढतो, त्याची कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी ती पृथ्वीची कक्षा छेदू लागते. पट्ट्यातून अशी भरती सतत चालू असल्यामुळे पृथ्वीजवळचा साठा कधी संपत नाही.

आपल्याकडे बेसाल्टच्या काळ्या पठारावर अशनी ओळखणे अवघड असते. तरीही वितळल्यासारखी पातळ काळी साल असलेला, आकाराच्या मानाने जड आणि लोहचुंबकाला ओढणारा दगड एखाद्या घटनेनंतर लगेच सापडला, तर तो फोडू नये, धुऊ नये, जागेचे छायाचित्र घेऊन तहसील कार्यालयाला कळवावे. अशनी जपण्याचे काम देशात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेकडे आहे. मात्र डायोजेनाइटमध्ये धातुरूप लोह फार कमी असते, त्यामुळे चुंबकाला ओढला नाही म्हणून दगड टाकून देऊ नये.

प्रश्नकर्ती: विज्ञानशिक्षिका, चोपडा

आपणा सर्वांची मी आभारी आहे. मानेगावचा उल्लेख मी भूगोलाच्या तासाला नक्की करीन. माझा शेवटचा प्रश्न मात्र राहिला आहे. २०२५ च्या सुरुवातीला २०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या बातम्यांमध्ये दक्षिण आशियाचे नाव होते, आणि आदळण्याची शक्यता आधी वाढत गेली, मग एकदम शून्याजवळ आली. पालकांनी त्याचा अर्थ "शास्त्रज्ञांनाच नीट कळत नाही" असा लावला. मला तो पटला नाही, पण उत्तरही देता आले नाही.

उत्तर: संगणक अभियंता, जळगाव

ताई, मी कक्षा मोजण्याच्या आज्ञावलींवर अभ्यास म्हणून काम करतो, त्यामुळे या प्रश्नाबद्दल मला विशेष आस्था आहे. २०२४ वायआर४ हा चिलीतील ॲटलास दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला, आणि २२ डिसेंबर २०३२ ही तारीख संभाव्य आघाताची म्हणून पुढे आली. थोड्या दिवसांच्या निरीक्षणांवरून आठ वर्षांनंतरची जागा काढली तर उत्तर एका बिंदूत मिळत नाही. तो लघुग्रह त्या दिवशी जिथे असू शकेल अशा शक्यतांचा लाखो किलोमीटर लांबीचा पट्टा मिळतो. पृथ्वी त्या पट्ट्याच्या आत असेल, तर पट्ट्याच्या लांबीत पृथ्वी जेवढी जागा व्यापते, ढोबळमानाने तेवढी आघाताची शक्यता. नवी निरीक्षणे आली की पट्टा आखडतो. पृथ्वीचा आकार तोच राहतो, म्हणून पृथ्वी अजून पट्ट्यात असेपर्यंत तिचा वाटा वाढत जातो. पट्टा इतका आखडला की पृथ्वी त्याच्या बाहेर राहिली, की शक्यता एकदम कोसळते. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ती ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पृथ्वीच्या बाबतीत नगण्य झाली, ती याच कारणाने. पालकांना सांगा की आकडा वर जाणे आणि मग पडणे हे मोजणी सुधारत असल्याचे लक्षण होते. फळ्यावर एक लांब रेघ काढून तिच्यावर छोटे वर्तुळ ठेवा आणि रेघ दोन्ही टोकांनी पुसत या, मुलांना ते लगेच दिसेल.

दक्षिण आशियाचे नाव आले ते त्या पट्ट्याची पृथ्वीवर पडणारी छाया पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे येत होती म्हणून.

आता किती आधी कळेल, याचे उत्तर आकारावर अवलंबून आहे, आणि इथे मला वस्तुस्थिती मऊ करून सांगायची नाही. एक किलोमीटरहून मोठ्या पृथ्वीनिकट लघुग्रहांपैकी ९० टक्क्यांहून अधिक सापडले आहेत आणि त्यांच्या कक्षा पुढच्या शतकापर्यंत मोजलेल्या आहेत. १४० मीटरच्या वर्गातले मात्र निम्म्याहून कमी सापडले आहेत. त्याखालच्या, म्हणजे २० ते ५० मीटरच्या दगडांची यादी तर फारच अपुरी आहे. त्यांतला एखादा कळेल तो बहुधा काही दिवस किंवा काही तास आधी, आणि सूर्याच्या बाजूने आला तर मुळीच कळणार नाही.

पूर्वसूचना मिळाल्याची पहिली घटना २००८ टीसी३ ची. ६ ऑक्टोबर २००८ रोजी कॅटालिना सर्वेक्षणातील रिचर्ड कोवाल्स्की यांना तो सापडला आणि सुमारे वीस तासांनी तो सुदानच्या वाळवंटावर फुटला. तो जेमतेम चार मीटरचा होता. तो धरून असे दहाहून अधिक छोटे दगड आतापर्यंत आघाताआधी सापडले आहेत. २०२४ मध्ये बर्लिनजवळ आणि फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावर पडलेले सुमारे एक मीटरचे दगड त्यांतलेच. या आकाराचे दगड बहुतांशी वातावरणातच संपतात, जमिनीवर इजा करत नाहीत.

धोका सुरू होतो तो चेल्याबिन्स्कच्या आकारापासून. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील त्या शहरावर सुमारे २० मीटरचा लघुग्रह कोणत्याही सूचनेविना, सूर्याच्या बाजूकडून आला आणि सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. विशेष म्हणजे त्याच दिवशी २०१२ डीए१४ हा दुसरा, काहीसा मोठा लघुग्रह सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे वर्षभर आधी मोजून ठेवलेले होते, आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. चेल्याबिन्स्कमध्ये सुमारे १,५०० लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक फुटलेल्या काचांनी. आकाशात लखलखाट झाला म्हणून लोक खिडक्यांशी धावले, आणि आघाताची लाट दोन-अडीच मिनिटांनी येऊन पोचली. एका शाळेतील चौथीच्या शिक्षिकेने लखलखाट पाहताच मुलांना बाकांखाली बसवले. ती स्वतः काचेने जखमी झाली, पण तिच्या वर्गातल्या एकाही मुलाला जखम झाली नाही.

म्हणून शाळेच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या तासात मी एकच सूचना घालण्याचा आग्रह धरीन: दिवसा किंवा रात्री सूर्यासारखा प्रखर, सरकता लखलखाट दिसला तर खिडकीपासून दूर जायचे, डोके झाकून बाकाखाली बसायचे आणि किमान पाच मिनिटे तिथेच राहायचे. भूकंपाच्या सरावात मुले बाकाखाली बसणे शिकतातच. त्यात फक्त लखलखाट आणि आवाज यांमधल्या वेळेची भर घालायची आहे.

मोठ्या लघुग्रहाच्या बाबतीत सूचना अनेक वर्षे आधी मिळाली, तर त्याला ढकलताही येते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले आणि डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा त्याचा फेरीचा काळ ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. सूर्याच्या बाजूची आंधळी जागा कमी करण्यासाठी निओ सर्व्हेयर ही अवरक्त दुर्बीण तयार होत आहे. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर सूर्याच्या दिशेला उभी राहील आणि तापलेल्या दगडांची उष्णता टिपेल. तिचे प्रक्षेपण २०२७ मध्ये करण्याचे नियोजन आहे. चिलीतील रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह सापडले होते आणि त्यांतले सात पृथ्वीनिकट होते. या दोन दुर्बिणी पूर्ण क्षमतेने चालू लागल्या की आपल्या मोबाईलवरच्या बातम्या आणखी वाढतील. त्या वाढतील तेव्हा आपल्या वर्गातल्या मुलांकडे सरांचा ३,६०० चा हिशेब तयार असावा.